शिशाची पेटी

नदीचं नाव आरे,
कुणी हाक मारता मारता अर्ध्यात थांबावं तसं.
तिच्या काठच्या काँक्रीटच्या शेडमध्ये
रेगुला त्सुमश्टेग पेटी दोन्ही हातांनी उचलते,
टेबलावर ठेवते, खाली घरचा जुना टॉवेल.

पेटी बीडरबाखच्या चर्चमधली.
कळसाचा सोनेरी गोळा दुरुस्तीला उतरवला
तेव्हा आत सापडली, चारी कडांना डाग दिलेली.
कुणी ठेवली, गावात कुणालाच ठाऊक नाही.
क्ष-किरण लावून झाले होते आधीच :
पडद्यावर पांढरा ठोकळा. बस्स.
शिसं त्यांना दारातही उभं करत नाही,
म्हणून तर दवाखान्यात त्याचे एप्रन घालतात.

न्यूट्रॉनचं सगळं उलटं.
तो शिशातून जातो
कुंपणातून मांजर जावं तसा,
आणि अडखळतो मेणापाशी, धाग्यापाशी, दाण्यापाशी,
जे जे कधी ओलं होतं
त्याच्यापाशी.

रात्री अकराला झडप उघडली.
पेटी अंशाअंशानं फिरत राहिली,
रेगुलानं थर्मासमधली कॉफी संपवली.
पहाटे चारला पेटीच्या भिंती
पडद्यावर काचेसारख्या झाल्या
आणि आत :
गव्हाची ओंबी, कुसांसकट.
कागदाची सुरळी, तिच्यावर मेणाचा काळाभोर थेंब.
एक हेझलनट, त्याला किड्यानं पाडलेलं भोक.
तांब्याचं बटण, अगदी फिकट.

कागदावर अक्षरं असतील.
तिनं डोळे बारीक केले, प्रकाश वाढवला, कमी केला,
मग वहीत लिहिलं : मजकूर दिसत नाही.

कधी कधी तिच्या मनात येतं,
आपणच त्या झोतासमोर उभं राहिलो तर?
हाडं नाहीत, बरगड्या नाहीत,
माणसाच्या आकाराचं एक काळं तळं.

त्याच आठवड्यात आई, वेरेना, वय त्र्याऐंशी,
बाडेनच्या इस्पितळात नव्या यंत्रातून जाऊन आली.
जुनं यंत्र किरणांची गोळाबेरीज करायचं,
हे एकेक कण वेगळा मोजतं,
आई सुटे पैसे मोजते तसं, ओठ हलवत.
जुन्या फोटोत जिथे धुकं होतं
तिथे आता नऊ मिलिमीटरची गाठ, काठासकट.
डॉक्टर म्हणाले, थांबून बघता येईल,
किंवा सुईनं तुकडा काढू. तुम्ही ठरवा.

रविवारी बीडरबाखला सभा भरली.
पाद्रीबाई आनेलोरे ग्लाउझर यांनी भिंतीवर चित्र दाखवलं.
घंटा सांभाळणारा उएली त्शुडिन उठला :
उघडा. आपल्या माणसांनी लिहिलंय, आपल्यासाठी लिहिलंय.
मागून एक बाई म्हणाली,
डाग देणाऱ्याला ते बंदच हवं होतं ना?
हात वर झाले, मोजले, पुन्हा मोजले.
अडतीस म्हणाले उघडा.
एकेचाळीस म्हणाले असू दे.

संध्याकाळी रेगुलानं हे आईला सांगितलं.
आई सफरचंद सोलत होती,
साल मध्येच तुटली म्हणून वैतागलेली.
"भित्रे आहेत," म्हणाली.
"मला मात्र उघडा म्हणावं.
मला काय कळसावर जाऊन बसायचंय?"

पेटी अजून पिवळ्या साखळीमागे आहे.
बटणानं थोडे न्यूट्रॉन ठेवून घेतलेत,
तांबं ते पुरतं विसरेपर्यंत पेटी बाहेर जाणार नाही.
जवळजवळ तेरा तासांत अर्धं,
पुढच्या तेरा तासांत उरलेल्याचं अर्धं,
मग त्याचंही अर्धं.
हा हिशेब शून्यावर कधी येतो,
ती एकदा आईला समजावायला गेली होती.
येत नाही, म्हणाली होती,
पण एक वेळ अशी येते की चालतं.

मंगळवारी आईची सुई दहा वाजता.
सातलाच रेगुला शेडमध्ये आली,
मोजणी-यंत्र पेटीजवळ धरलं.

टिक.

बाहेर आरेवर बदकं भांडत होती.

टिक.

तिनं वहीत आकडा लिहिला,
टॉवेल घडी करून पिशवीत घातला
आणि गाडीची किल्ली शोधू लागली.